पतमर्यादा म्हणजे मिळकत नव्हे

गेल्या मार्च महिन्यातील एका रविवारची गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून लोक आपापल्या वाटेला लागले होते. आमच्या अंगणातील फणसाखाली मात्र एक गृहस्थ टोपी हातात धरून तिष्ठत उभे होते. गृहस्थ कष्टाळू, दोन एकर भात आणि एकरभर ऊस एवढी त्यांची जमीन. कोणाचे देणे बुडविल्याचा डाग त्यांच्या घराण्यावर कधी लागलेला नाही. असा माणूस बोलावयास अडखळतो, तेव्हा काही तरी अवघड असले पाहिजे हे आम्ही ओळखले.

"फादर, दोन दिवसांपुरते दीड लाख कोण देईल काय? तुम्ही शब्द टाकला तर होईल."

आम्ही विचारले, "दोनच दिवसांसाठी एवढी रक्कम कशाला?"

"बँकेत भरायला. आज भरले की उद्या-परवा पुन्हा काढून त्याचे त्याला देतो. दरसाल असंच करतोय. नेहमीचा माणूस शेकडा दोन घ्यायचा, यंदा तीन मागतोय."

"आणि मुळात उचललेले दीड लाख कोठे गेले?"

"ते घराच्या स्लॅबवर गेले. झाली की पाच वर्षं. पण फादर, लिमिट आपलंच हाय की!"

"लिमिट आपलंच हाय की!" हे वाक्य ऐकून आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. कारण हेच वाक्य, याच भोळेपणाने, आम्ही या पंचक्रोशीत आणखी किती तरी घरी ऐकलेले होते. आम्ही त्यांना सांगितले, "संध्याकाळी पासबुक घेऊन या; आणि येताना पत्नीलाही घेऊन या." त्या संध्याकाळी काय झाले ते पुढे सांगूच. परंतु त्याआधी, प्रिय वाचकहो, 'लिमिट' म्हणजे नेमके काय, हे आपण सर्वांनी एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

कर्जाचे दोन प्रकार

कर्ज दोन प्रकारांनी मिळते. पहिला प्रकार मुदतीच्या कर्जाचा. म्हैस घ्यावयाची, विहीर खोदावयाची, घर बांधावयाचे. त्यासाठी सावकार अथवा बँक एक ठरलेली रक्कम देते. ती एकदाच हाती येते, आणि त्याच दिवसापासून सगळ्या रकमेवर व्याज चढू लागते. मग ठरलेल्या हप्त्यांनी ती फेडावयाची. जो हप्ता भरला तो भरला. तो पुन्हा उचलता येत नाही. हप्ते संपले की कर्ज संपले.

दुसरा प्रकार पतमर्यादेचा. बँकेत यालाच 'क्रेडिट लिमिट' किंवा 'कॅश क्रेडिट' म्हणतात. आपल्या गावात नुसतेच 'लिमिट'. येथे बँक रक्कम हातात देत नाही, तर एक वचन देते. "इतक्या रुपयांपर्यंत तुम्हांला लागेल तेव्हा, लागेल तेवढे उचला, पैसा आला की भरा, भरलेले पुन्हा लागले तर पुन्हा उचला," असे ते वचन होय. जेवढे उचलले तेवढ्यावरच, आणि जितके दिवस ते बाहेर राहिले तितक्याच दिवसांचे व्याज. एक लाखाची मर्यादा मंजूर झाली आणि एक रुपयाही उचलला नाही, तर आपल्यावर कर्ज नाही. त्याचप्रमाणे एक लाखाची मर्यादा मंजूर झाली म्हणून आपल्या मालमत्तेत एका रुपयाचीही भर पडत नाही. मर्यादा ही मिळकत नव्हे. ती केवळ उचलीची शीव आहे.

ही पद्धत काही कालपरवाची नव्हे. १७२८ साली स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरी रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने विल्यम हॉग नामक व्यापाऱ्यास, त्याच्या खात्यात शिल्लक असलेल्या रकमेहून १,००० पौंडांपर्यंत अधिक उचलण्याची मुभा दिली. व्यापाऱ्याला माल आधी घ्यावा लागतो आणि त्याचा पैसा मागाहून येतो. मधल्या काळाची ती सोय होती. पुढे ॲडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या स्कॉटिश खात्यांचे वर्णन केले, आणि बँकेच्या तिजोरीला त्याने तळ्याची उपमा दिली. तळ्यातून एक ओहोळ सतत बाहेर जात असला, तरी तेवढाच दुसरा ओहोळ सतत आत येत असेल, तर तळे भरलेलेच राहते. बाहेर जाणारा ओहोळ मोठा आणि आत येणारा लहान असेल, तर तळे आटल्यावाचून राहत नाही.

ही उपमा समजावयास आपल्याला स्कॉटलंडला जाण्याची गरज नाही. आपल्या घरामागची विहीर पाहा. सकाळी मोट किंवा पंप चालवून पाणी उपसावे, रात्री झऱ्यांनी ती पुन्हा भरावी. अशी विहीर पिढ्यान्‌पिढ्या पुरते. परंतु एकदाच तळापर्यंत उपसली आणि झरे आटले, तर काठावर रहाट तसाच राहतो, विहिरीचे नाव तसेच राहते. पाणी मात्र नसते. ज्या पतमर्यादेत पीक विकून पैसा परत येत नाही, ती अशीच कोरडी विहीर होय.

जुनी ओळखीची वही

पतमर्यादा आपल्या लोकांना नवी आहे असेही नाही. किराणा दुकानाची वही ही आपल्या घरातील सर्वांत जुनी पतमर्यादा. मीठ, तेल, साखर आणावी, वहीवर लिहावे, आणि भात विकला की चुकते करावे. फरक एवढाच की त्या वहीवर मर्यादेचा आकडा लिहिलेला नसतो, आणि व्याजाचा दरही लिहिलेला नसतो. व्याज नसते असे मात्र नाही.

याचा धडा आम्हांस तरुणपणीच मिळाला. नवे-नवे पुरोहित असताना मुलांच्या एका वसतिगृहाचा हिशेब आमच्याकडे होता. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकून आलेल्या आम्हांला डाळ-तांदळाचे ज्ञान बेताचेच. दुकानदार गोड बोले, "फादर, पैशाची घाई नाही," असे म्हणे, आणि आम्ही वर्षभर वहीवर माल आणीत राहिलो. वर्षाअखेर एका वडीलधाऱ्या सिस्टरांनी वहीतील दर आणि बाजारातील रोख दर शेजारी-शेजारी मांडून दाखविले, तेव्हा आमचे डोळे उघडले. प्रत्येक जिन्नसामागे थोडे थोडे अधिक लावलेले होते. दुकानदाराने फसविले असे आम्ही म्हणत नाही. त्याने आपल्या पैशाचे भाडे घेतले. चूक आमची होती. ते भाडे किती, हे आम्ही कधी विचारलेच नाही.

शेतकऱ्याच्या हाती आलेली मर्यादा

आता आपल्या शेतकऱ्याच्या पतमर्यादेकडे वळू. तिचे नाव किसान क्रेडिट कार्ड. १९९८ साली ही योजना सुरू झाली. २०१२ साली तिच्यात सुधारणा झाली, आणि पासबुकाबरोबर यंत्रातून पैसे काढता येतील असे रुपे कार्डही मिळू लागले.

ही मर्यादा मोठ्या कष्टाने शेतकऱ्याच्या दारी आली आहे, हे विसरता कामा नये. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जाची कागदपत्रे जाळली, आणि ते लोण दख्खनच्या अनेक गावांत पसरले. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. लगेच १९०५ साली आपल्या बेळगावहून फारसे दूर नसलेल्या गदगजवळच्या कणगिनहाळ गावी सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था उभी राहिली. वसईच्या मराठी भाषिक कॅथलिक शेतकऱ्यांनीही १९१८ साली आपली सहकारी पेढी सुरू केली. तीच पुढे बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक या नावाने मोठी झाली. तरीही १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने देशभर पाहणी केली, तेव्हा खेड्यातील शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपयांपैकी सुमारे ७० रुपये सावकारांकडून आलेले आढळले. सहकारी संस्थांकडून आलेले होते सुमारे ३ रुपये, आणि व्यापारी बँकांकडून तर एक रुपयाही पुरता नव्हता. आज शेतकऱ्याच्या खिशात बँकेचे कार्ड आहे, ही म्हणूनच साधी गोष्ट नव्हे.

या कार्डावरील मर्यादा कशी ठरते? बँकेचा अधिकारी ती मनास येईल तशी ठरवीत नाही. प्रत्येक पिकाला एकरी किती भांडवल लागते याचा दर जिल्हावार ठरविलेला असतो. समजा, तो एकरी ४०,००० रुपये आहे आणि आपली जमीन दोन एकर आहे; तर ८०,००० रुपये झाले. २०१२ च्या योजनेप्रमाणे त्यात शेकडा १०, म्हणजे ८,००० रुपये, पीक निघाल्यानंतरच्या व घरखर्चाच्या गरजांसाठी मिळवावयाचे. शेकडा २०, म्हणजे १६,००० रुपये, अवजारे, बांध, पंप यांच्या देखभालीसाठी. एकूण झाले १,०४,०००. शिवाय पीकविम्याचा हप्ता. पुढे दरवर्षी सुमारे शेकडा १० वाढ धरून पाच वर्षांची मर्यादा ठरवितात.

वाचकांनी या हिशेबाकडे जरा बारकाईने पाहावे. घरखर्चासाठी थोडी सोय बँकेनेच ठेवली आहे. तेव्हा अडचणीच्या वेळी त्यातून मुलाची पुस्तके घेतली तर तो काही अपराध नव्हे. पण मर्यादेचा फार मोठा भाग बियाणे, खत, मजुरी आणि नांगरट यांच्यासाठी आहे. का? तर या खर्चातून पीक येते, पिकातून पैसा येतो, आणि पैशातून मर्यादा पुन्हा भरते. घराच्या स्लॅबमधून सावली मिळते, पाऊस अडतो. परंतु स्लॅबला कणसे लागत नाहीत.

व्याजाचा हिशेब

आता व्याज पाहू. २०२५-२६ सालापर्यंत चालत आलेल्या सवलतीप्रमाणे ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जास शेकडा ७ दराने व्याज, आणि जो मुदतीत फेड करील त्यास आणखी ३ टक्क्यांची सूट. म्हणजे प्रत्यक्षात शेकडा ४. काही राज्यांत सहकारी संस्थांमार्फत वेळेवर फेडणाऱ्यास व्याजच पडत नाही. चालू वर्षाचे नियम आपल्या शाखेत किंवा सोसायटीत दरवर्षी विचारून घ्यावेत.

समजा, मर्यादा १,००,००० रुपयांची आहे. एका शेतकऱ्याने १ जूनला बी-बियाणे व नांगरटीसाठी ३०,००० उचलले. १ ऑगस्टला खत व भांगलणीसाठी आणखी २०,००० उचलले. भात विकून १ डिसेंबरला सर्व ५०,००० परत भरले. म्हणजे ३०,००० रुपये ६१ दिवस वापरले, आणि नंतर ५०,००० रुपये १२२ दिवस. शेकडा ७ दराने याचे व्याज होते सुमारे १,५२१ रुपये. वेळेवर फेडीची सूट मिळाली तर ते ८६९ रुपयांवर येते.

त्याच्या शेजाऱ्याने त्याच दिवशी, "मंजूर झाले आहेत तर काढून ठेवू," असे म्हणून १ जूनला सगळे एक लाख उचलले. शेतीला त्यालाही ५०,००० च लागले. उरलेले पेटीत राहिले, आणि पेटीतले पैसे पाहुण्यांच्या नजरेस पडतात म्हणून हळूहळू खर्च झाले. त्यानेही १ डिसेंबरलाच फेड केली असे धरू. त्याचे व्याज सुमारे ३,५१० रुपये. पीक तेच, जमीन तेवढीच. १,९८९ रुपये मात्र उचल कधी करावी हे न कळल्याचा दंड.

आणि जो एकदा एक लाख उचलतो आणि वर्षभर एक पैसाही भरत नाही, त्याचे वर्षाचे व्याज ७,००० रुपये. वही एकच, दर एकच. पण एकाला विहीर पुरते आणि दुसऱ्याला ती बुडविते.

त्या संध्याकाळची कहाणी

आता आमच्या गृहस्थांकडे परत येऊ. संध्याकाळी दोघे पति-पत्नी आली. आम्ही पासबुक उघडले आणि एका कोऱ्या कागदावर हिशेब मांडला.

पाच वर्षांपूर्वी त्यांनी १,५०,००० रुपये एकदम उचलले आणि घरावर घातले. तेव्हापासून दर मार्चमध्ये 'नवे-जुने' चालले होते. दोन दिवसांचा सावकार शेकडा २ घेई, म्हणजे दर खेपेस ३,००० रुपये. अशा चार खेपा झाल्या होत्या. १२,००० रुपये गेले होते. यंदा तो शेकडा ३ मागत होता, म्हणजे ४,५००. दोन दिवसांसाठी! वर्षभराचे बँकेचे व्याज सूट धरून ६,००० रुपये, आणि अठ्ठेचाळीस तासांचे सावकाराचे ४,५००.

बाईंनी कागदाकडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "बारा हजार म्हणजे धाकट्याची कॉलेजची फी की हो."

"एवढं दिलं, तर मुद्दल किती कमी झालं?" त्यांनी पुढे विचारले. आम्ही पासबुकातील आकडा दाखविला. एक रुपयाही कमी झालेला नव्हता.

पण खरे नुकसान याहून पुढे होते. मर्यादा सगळी घरात गाडली गेल्यामुळे पेरणीच्या वेळी हाती काहीच उरत नसे. मग खत आणि बियाणे दुकानातून उधारीवर आणावे लागे. उधारीचा दर रोखीहून अधिक. शिवाय भात त्याच दुकानदाराला घालण्याची अट, आणि भाव तो सांगेल तो. म्हणजे हे कुटुंब एकाच शेतासाठी तीन ठिकाणी भरणा करीत होते: बँकेत, दोन दिवसांच्या सावकाराकडे आणि खताच्या दुकानात. ज्या सावकाराला दूर ठेवण्यासाठी एवढ्या खटपटीने बँकेची मर्यादा शेतकऱ्याच्या दारी आणली, तोच सावकार मागच्या दाराने येऊन माजघरात बसला होता.

ॲडम स्मिथनेही आपल्या काळच्या व्यापाऱ्यांचा असाच एक रोग वर्णिला आहे. एक हुंडी फेडण्यासाठी दुसरी हुंडी लिहावयाची, दुसरी फेडण्यासाठी तिसरी. दर खेपेस दलाली आणि व्याज चढत जावयाचे. अशा व्यापाऱ्यांना सढळ हाताने कर्ज देणारी स्कॉटलंडमधील एअर बँक १७६९ साली निघाली आणि १७७२ सालीच कोसळली. कागद बदलला म्हणून कर्ज फिटत नाही. ते फक्त नवा सदरा घालून त्याच घरी राहते.

"पण फादर, नवं-जुनं केलं नाही तर काय होतं?" गृहस्थांनी विचारले. प्रश्न रास्त होता. मुदत चुकली तर ३ टक्क्यांची सूट जाते, आणि थकलेल्या रकमेवर बँकेचा नेहमीचा चढा दर लागतो. थोड्या दिवसांच्या पिकांच्या बाबतीत मुदतीनंतर दोन हंगाम लोटले तरी फेड झाली नाही, तर बँक ते खाते बुडीच्या वाटेवरचे म्हणून नोंदविते. कर्जदाराच्या पतीची नोंद बिघडते, आणि उद्या मुलाला शिक्षणासाठी कर्ज मागावयाचे झाले तर ती नोंद आडवी येते. यास्तव 'मुदत चुकली तर चुकू द्या,' असा सल्ला आम्ही कोणाला देणार नाही. परंतु ज्या वर्षी गारपीट होईल, किंवा दोन दिवसांचा सावकार हात वर करील, त्या वर्षी सारेच एकदम अंगावर येईल, हेही तितकेच खरे. आजपर्यंत ते निभावले, ते केवळ त्या माणसाच्या मर्जीवर.

वाट कशी निघाली

चर्चच्या निधीतून असे पैसे देणे आम्हांस शक्य नव्हते, आणि ते योग्यही झाले नसते. सावकाराकडे शब्द टाकण्यासही आम्ही नकार दिला. तेव्हा तिघांनी मिळून निराळी वाट शोधली.

घरी एक कालवड विकण्याजोगी होती. बाईंच्या बचत गटाकडून थोडे कर्ज मिळण्यासारखे होते. दोन्ही मिळून ३०,००० रुपये उभे राहिले. उरलेल्या १,२०,००० रुपयांसाठी बाईंच्या भावाकडे गेले. संकोच फार वाटला. आजवर परक्या माणसाला शेकडा दोन देणे सोपे वाटत होते, पण सख्ख्या भावापुढे खरे सांगणे अवघड गेले. भावाने काही दिवसांसाठी व्याजावाचून पैसे दिले. बँकेत मुद्दल आणि व्याज भरले गेले. आणि मग मर्यादेतून पुन्हा उचलले ते १,५०,००० नव्हे, केवळ १,२०,०००. ते भावाला परत केले. पाच वर्षांत प्रथमच मर्यादेत ३०,००० रुपये मोकळे राहिले.

जूनमध्ये त्या मोकळ्या ३०,००० मधून खत आणि बियाणे रोखीने आले. दुकानदाराची अट राहिली नाही. भात जेथे भाव बरा मिळाला तेथे घातला. डिसेंबरात उचललेले ३०,००० पुन्हा खात्यात भरले. पुढच्या मार्चमध्ये घराच्या कर्जातील आणखी ३०,००० कमी करावयाचे, असा त्यांचा निश्चय आहे. या क्रमाने एकूण पाच मार्चमध्ये सगळे दीड लाख फिटतील.

ही काही विजयाची कथा नव्हे. अजून १,२०,००० शिल्लक आहेत. पुढल्या वर्षी भावाला जमेल की नाही, उसाचे बिल वेळेवर येईल की नाही, पाऊस कसा पडेल, यांतील काहीच कोणाच्या हाती नाही. पण आता त्या घरी हिशेबाची एक वही आहे. ती बाई लिहितात, आणि 'लिमिट आपलंच हाय' हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारीत नाही.

आपल्या घरासाठी

या सगळ्यातून आपण काय घ्यावे? आमचे म्हणणे थोडके आहे.

मर्यादा मंजूर झाली म्हणून सगळी रक्कम काढू नये. कामापुरती आणि कामाच्या दिवशीच काढावी. भात, ऊस, बटाटा, रताळी, जे काही विकले जाईल, त्याचा पैसा आधी त्या खात्यात भरावा. घरखर्चाला लागतील तसे त्यातूनच काढावेत. घर, लग्न, गाडी यांसाठी पीककर्जाला हात लावू नये. त्यांसाठी हप्त्याचे कर्ज घ्यावे, दर थोडा अधिक पडला तरी; कारण हप्त्याच्या कर्जाला शेवट असतो. पीक खरोखरच बुडाले, तर लपून न राहता मुदतीपूर्वी शाखेत जाऊन सांगावे. सरकारने आपत्ती जाहीर केलेल्या भागात कर्जाची मुदत वाढवून घेण्याची तरतूद आहे. पण घरी बसलेल्याला ती शोधीत येत नाही. आणि पासबुक पति-पत्नी दोघांनीही वाचावे. ज्या घरी कर्जाचा आकडा एकालाच ठाऊक असतो, त्या घरी तो वाढतो.

शहरात कामाला असलेल्या आपल्या मुला-मुलींनाही हेच सांगावयास हवे. त्यांच्या हाती पतमर्यादा क्रेडिट कार्डाच्या किंवा मोबाईलच्या रूपाने येते. तेथे पूर्ण रक्कम न भरता 'किमान रक्कम' भरून पुढे ढकलले, तर अनेक कार्डांवर महिन्याला शेकडा ३ ते साडेतीन व्याज पडते, म्हणजे वर्षाला शेकडा ३६ ते ४२. महिन्याचा दर ऐकून ज्याला तो लहान वाटतो, त्याने बाराने गुणून पाहावे.

शेवटी एक विनंती. आज संध्याकाळी, जेवणे झाल्यावर, पासबुक काढा आणि गेल्या वर्षभराच्या पानांत एकच आकडा शोधा: कर्जाची बाकी सर्वांत कमी केव्हा होती, आणि किती? एका-दोन दिवसांसाठी दुसऱ्याच्या पैशाने झालेले शून्य त्यात धरू नका. स्वतःच्या पिकाच्या पैशाने ती बाकी वर्षातून एकदा तरी शून्यावर आली असेल, तर तुमची विहीर जिवंत आहे. निःशंक मनाने वापरा. आली नसेल, तर घाबरू नका, पण त्या रात्री झोपण्यापूर्वी दोघे मिळून एवढे ठरवा की, येत्या पिकानंतर ती थोडी तरी खाली आणावयाची. तीस हजारांनी नसेल तर तीन हजारांनी.